ठुमरीच्या घरातला ड्रमर

प्रत्येक घरात एक तरी पोरगं असं असतंच, हाताशी जे येईल ते वाजवणारं. पोळ्यांचा डबा म्हणू नका, अभ्यासाचं टेबल म्हणू नका, शाळेतला बाक म्हणू नका. जेवायला बसलं तरी ताटावर चमचा सुरूच! मग आतून आवाज येतो, "अरे पोट्ट्या, बंद कर नं ते! डोकं उठलं माह्यं!" आमच्या तेल्हाऱ्यात संध्याकाळच्या वेळी एक चक्कर मारली तर कुठल्या ना कुठल्या घरातून हा आवाज येणारच. अकोटला, हिवरखेडला काही वेगळं असेल असं वाटत नाही.

यात आईचं चुकतं असंही नाही हो. दिवसभराचं काम, त्यात लाईट गेलेली आणि वरून ही टकटक. शिवाय मनात एक धास्ती असतेच. पोरगं दहावीत आहे, बारावीत आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवतं तेवढं ठीक, कावडीच्या वेळी चार दिवस घरी आलं नाही तरी आपण समजून घेतो. पण उद्या "मले हेच करायचं हाय" म्हणालं तर? वाजवून पोट भरते काय बाप्पा?

मैत्रिणींनो, आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांनी आयुष्यभर वाजवूनच पोट भरलं. तेही सनई नाही, सतार नाही. ड्रम! आणि संगीत कुठलं, तर जॅझ. नाव आहे त्रिलोक गुर्टू. जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१ चा. अमेरिकेत 'डाउनबीट' नावाचं जॅझवाल्यांचं जुनं, मानाचं मासिक आहे. त्यात दरवर्षी समीक्षकांचा कौल घेतात. त्या कौलात तालवादकांमध्ये त्रिलोक गुर्टू हे नाव एकदा नाही, अनेकदा पहिलं आलं.

हे नाव आपल्यापैकी फार जणींनी ऐकलं नसेल. त्यांच्या आईचं मात्र नक्की ऐकलेलं असणार. शोभा गुर्टू! ठुमरी म्हटलं की ज्यांचं नाव आधी ओठावर येतं त्या. म्हणून मुलाची गोष्ट सांगायची तर ती आईपासूनच सुरू करायला हवी. खरं म्हणजे आजीपासून.

आजी नाचायची, गायची

आजीचं नाव मेनकाबाई शिरोडकर. त्या व्यावसायिक नर्तकी होत्या आणि गाणं शिकल्या होत्या ते जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ यांच्याकडे. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ज्यांच्या शिष्या, तेच हे खाँसाहेब. म्हणजे शिक्षण केवढं पक्कं असेल बघा. पण नाचगाण्यावर घर चालवणाऱ्या बाईकडे त्या काळातला समाज कोणत्या नजरेनं बघायचा, हे काही मी वेगळं सांगायला नको. रात्री तिचं गाणं ऐकायला माडीवर जाणारा माणूस सकाळी रस्त्यात भेटला तर मान फिरवून निघून जायचा. आज नातवाच्या ड्रमवर परदेशात टाळ्या पडतात याचं आपल्याला कौतुक वाटतं. वाटायलाच हवं. पण ही विद्या ज्या बायकांनी घरात जिवापाड सांभाळली, त्यांच्या वाट्याला टाळ्यांसोबत काय काय आलं तेही मला या गोष्टीतून वगळावंसं वाटत नाही.

मेनकाबाईंची मुलगी भानुमती. ८ फेब्रुवारी १९२५ ला बेळगावात जन्मलेली. लहानपणीच तिची तालीम सुरू झाली ती अल्लादियाखाँचे चिरंजीव उस्ताद भूर्जीखाँ यांच्याकडे. पुढे नत्थनखाँकडे. आणि मग उस्ताद घम्मनखाँ मुंबईत या कुटुंबाबरोबर राहायला आले. कशाला, तर मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवायला. शिकत होती आई, आणि त्याच घरात लेकही घडत होती! गुरू घरीच मुक्कामाला, सकाळ-संध्याकाळ सूर कानावर, मग वेगळा क्लास कशाला हवा?

भानुमतीचं लग्न झालं विश्वनाथ गुर्टू यांच्याशी आणि ती शोभा गुर्टू झाली. आता इथे बघा. आपल्याकडे दहा बायकांना गाण्याबद्दल विचारलं तर सात जणी म्हणतील, "लग्नाआधी गात होती मी." पुढचं वाक्य त्या बोलतच नाहीत. शोभाताईंचं सुदैव असं की सासरे पंडित नारायणनाथ गुर्टू हे बेळगावला पोलीस खात्यात मोठे अधिकारी, आणि तेच सतारही वाजवायचे! खाकी वर्दी आणि सतार एकाच घरात. त्या घरात सुनेचं गाणं चालू राहिलं.

त्यांनी पकडली ती वाट मात्र सोपी नव्हती. शास्त्रीय गाण्यात मोठा मान ख्यालाचा. ठुमरी, दादरा, कजरी, होरी ही सगळी 'उपशास्त्रीय', म्हणजे दुय्यम समजली जायची. मैफलीत शेवटी, लोक उठायला लागले की गायची. शोभाताईंनी हे 'शेवटचं' गाणंच आपलं पहिलं केलं. ठुमरीत एक गंमत असते. शब्द असतात जेमतेम दोन ओळींचे. पण तीच ओळ गाणारी दहादा घेते आणि दहाही वेळा तिचा अर्थ बदलतो. एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा नुसती थट्टा. याला बोल बनाव म्हणतात. आपण नाही का, "येतो म्हणाले होते" हे एकच वाक्य शेजारणीला वेगळं सांगतो, आईला वेगळं आणि स्वतःशी तिसऱ्याच सुरात म्हणतो!

'पाकीजा' (१९७२) आणि 'फागुन' (१९७३) या सिनेमांतही त्या गायल्या. 'मैं तुलसी तेरे आंगन की' (१९७८) मधल्या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअरचं नामांकन होतं. १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००२ मध्ये पद्मभूषण. हा झाला त्यांचा हिशेब. आता पोराकडे येऊ.

वरातीतला बँड आणि जॅझचा ड्रम

त्याआधी जॅझ म्हणजे काय आणि हा ड्रमसेट आला कुठून, ते थोडं सांगते. नाव ऐकूनच "आपलं काम नाही" असं वाटतं ना? तसं काही नाही.

लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड डोळ्यांसमोर आणा. एक जण पोटावर भला मोठा ढोल बांधून धुम धुम करतो. दुसरा काड्यांनी लहान ड्रम तडतड वाजवतो. तिसऱ्याच्या हातात झांजा. पुढे कर्णे आणि क्लॅरिनेट. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स गावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय वादकांचे असेच बँड होते. आनंदाच्या मिरवणुकीत वाजवायचे आणि अंत्ययात्रेतही. हे वादक रस्त्यावरून नाचघरात आले, तिथे जागा कमी आणि बिदागीही कमी. तीन वाजवणारे कोण ठेवणार? मग तिघांचं काम एकावर आलं. मोठा ढोल खाली आडवा ठेवून तो पायाने वाजवायचा, हात लहान ड्रमवर, झांजा स्टँडवर टांगलेल्या. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये पायाने ढोल वाजवायचं चांगलं पेडल बनवलं आणि एकट्या माणसाला हे सगळं जमू लागलं. एका माणसाने तिघांचं काम करायचं आणि पगार एकाचाच, हा प्रकार बायकांना काही नवीन नाही म्हणा!

आणि जॅझ म्हणजे तरी काय? एक धून आधी सगळे मिळून वाजवतात. मग एकेक जण ती हातात घेतो आणि त्याच्या मनाला येईल तशी फुलवतो. कागदावर लिहिलेलं नसतं. आज वाजवलं तसं उद्या वाजणार नाही. आता सांगा, दोन ओळींची ठुमरी दहा प्रकारे घेणं आणि हे, यात असा कितीसा फरक आहे? ठुमरीच्या घरातला मुलगा जॅझमध्ये का रमला, याचं आश्चर्य मला तरी वाटत नाही.

हे संगीत मुंबईला नवीन नव्हतं. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात परदेशी जॅझ बँड येऊन वाजवायचे. त्यांच्याकडे बघून गोव्याचे वादक तयार झाले आणि तेच पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले. तेव्हा आपण ज्या जुन्या गाण्यांवर जीव टाकतो, त्यातल्या कितीतरी क्लब-गाण्यांमागे जॅझच वाजत होता. आपण न कळत ऐकलेला आहे तो.

शेजारणीचा फराळ

त्रिलोकच्या लहानपणी घरात आईचा रियाज, साथीदारांची ये-जा. तो लहान वयातच तबल्याला चिकटला. रीतसर शिकला उस्ताद अब्दुल करीम यांच्याकडे. १९६५ मध्ये भाऊ रवी याच्याबरोबर त्याने तालवाद्यांचा एक ग्रुपच काढला. वय काय, तर जेमतेम तेरा-चौदा! आपल्याकडे त्या वयात पोरं ट्यूशनच्या पायऱ्या चढत असतात.

सत्तरच्या दशकात तो पाश्चात्त्य ड्रमसेटकडे वळला. तबल्याची तालीम पक्की होती, पण पाश्चात्त्य संगीत कानावर पडायचं ते रेकॉर्डमधून. आणि इथे एक मजेशीर प्रकार झाला. तो त्यांनी १९९५ मध्ये जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकावरच्या टीव्ही कार्यक्रमात स्वतःच सांगितला होता. परदेशी स्टुडिओत एक युक्ती असते. आधी एक वाद्य वाजवून टेप करायचं, मग त्याच टेपवर दुसरं चढवायचं, मग तिसरं. ऐकणाऱ्याला सगळं एकदमच वाजतंय असं वाटतं. याला ओव्हरडब म्हणतात. त्रिलोकला हे ठाऊकच नव्हतं! त्यामुळे रेकॉर्डमध्ये जे जे ऐकू येतं ते एकदमच वाजवतात अशा समजुतीत तो शिकत गेला. एरवी कुठला वादक ज्याच्या वाटेला गेला नसता, असे दोन-तीन जणांचे भाग त्याने एकट्याने बसवले.

दिवाळीत शेजारणीकडून ताट येतं ना, तसं आहे हे. चकली, अनारसे, चिरोटे, करंज्या, शंकरपाळे. आपण समजतो, हिने एकटीने केलं, मग आपणही रात्र-रात्र जागून सगळं करायचं. आणि भाऊबीजेला कळतं की निम्मं तिच्या जावेने पाठवलं होतं! पण तोवर आपल्याला अनारसे यायला लागलेले असतात, त्याचं काय?

पुढे त्रिलोक युरोपात गेले आणि जर्मनीत राहून वाजवू लागले. सत्तरच्या दशकात त्यांनी ज्यांच्याबरोबर वाजवलं ती माणसं जॅझमधली मोठी होती. सॅक्सोफोनवाले चार्ली मारियानो, ट्रम्पेटवाले डॉन चेरी, नॉर्वेचे गिटारवादक तेर्ये रिप्दाल. तरुण पोराला ही संगत मिळणं म्हणजे आपल्याकडे एखाद्या नवख्या तबलजीला एकदम मोठ्या गवयाने मागे बसवून घेण्यासारखं.

आई म्हणाली, चल!

मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त आवडलेला भाग आता येतो.

जर्मनीत 'एम्ब्रियो' नावाचा एक बँड होता. देशोदेशीचं संगीत आपल्या संगीतात मिसळणारा. १९७७ मध्ये त्यांची 'अपो-कॅलिप्सो' नावाची रेकॉर्ड निघाली. त्रिलोक गुर्टूंचं हे अगदी सुरुवातीचं रेकॉर्डिंग. त्यात ते वाजवतात, आणि गायला कोण आहे? शोभा गुर्टू!

वय वर्षे बावन्न. ठुमरीत नाव झालेलं. मागे तीन-तीन उस्तादांची तालीम. अशा बाईने लांब केसांच्या जर्मन पोरांच्या बँडमध्ये, गिटार-ड्रमच्या गदारोळात गायचं? घराण्यांची कुंपणं तेव्हा आजच्यापेक्षा खूप उंच होती. "हे काय भलतंच" असं म्हणून मुलाची समजूत घालणं तिला सहज शक्य होतं. मुलगा वाजवत होता ते आईच्या पठडीतलं नव्हतंच. पण आई पठडी घेऊन बसली नाही. मुलाच्या अंगणात गेली आणि स्वतःचं गाणं गायली.

हे एकदाच झालं असतं तर म्हटलं असतं, लेकराचा हट्ट पुरवला. पण १९८८ मध्ये त्रिलोक यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, 'उसफ्रेट'. त्यातही शोभाताई आहेत, त्रेसष्टाव्या वर्षी. १९९३ च्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये पुन्हा आहेत, अडुसष्टाव्या वर्षी. त्याच अल्बमवर अमेरिकेचे नामवंत गिटारवादक पॅट मेथेनी आहेत, ऑस्ट्रियात जन्मलेले कीबोर्डवादक जो झाविनुल आहेत. आपण साठीनंतर बाईला जपमाळ आणि नातवंडं सोपवून मोकळे होतो. इथे अडुसष्ट वर्षांची बाई जगातल्या पहिल्या रांगेतल्या जॅझवाल्यांच्या रांगेत आपलं नाव लावून उभी आहे.

मी या आई-मुलाला एकाच नजरेने बघते. ठुमरी मैफलीच्या शेवटी गायची म्हणून ठरवलेली, ड्रमर स्टेजवर सगळ्यात मागे बसायचा म्हणून ठरवलेला. दोघांनीही दुय्यम म्हणून बाजूला सारलेली जागा धरली आणि ती सोडली नाही.

बादलीत बुडवलेली झांज

त्रिलोक गुर्टूंचा कार्यक्रम बघताना पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती त्यांची बैठक. ड्रमर म्हणजे स्टुलावर बसलेला, हे आपण टीव्हीवर पाहिलेलं असतं. हे कितीतरी वेळा चक्क जमिनीलगत, गुडघ्यावर बसून वाजवतात. एका बाजूला तबला, समोर ड्रम आणि झांजा, भोवती घंटा, घुंगरं, शिंपल्यांच्या माळा. दुकान मांडल्यासारखं. त्यात एक पाण्याची बादली! वाजती झांज किंवा घंटा ते त्या पाण्यात बुडवतात आणि तिचा सूर वाकतो, लांबतो, खाली घसरतो. बघणारे थक्क होतात. आपल्याला मात्र त्याचं गणित लगेच कळावं. नळाखाली हंडा लावून आपण दुसऱ्या कामाला लागतो आणि आवाज बदलला की न बघता कळतं, भरत आला. ज्या गावात दिवसाआड नळ येतो तिथल्या बायकांचा कान याबाबतीत फार तयार असतो!

दुसरी गोष्ट तोंडाच्या बोलांची. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणायचे आणि मग हाताने वाजवायचे, ही आपली शिकवण्याची पद्धत. हे बोल त्यांनी जॅझच्या स्टेजवर नेले. इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रिकूटात ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी होते. मॅकलॉफ्लिन म्हणजे झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' हा ग्रुप काढणारे. कार्यक्रमात मध्येच हे दोघं वाद्यं बाजूला ठेवून नुसत्या बोलांची जुगलबंदी करायचे. नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला त्यांचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला आणि त्याची पुढे सीडी निघाली.

त्याच्या थोडं आधीची एक हकिगत आहे. अमेरिकेत 'ओरेगॉन' नावाचा चौघांचा ग्रुप होता. त्यात कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकन माणूस तबला आणि सतार वाजवायचा, तबला शिकला होता उस्ताद अल्लारखाँकडे. १९८४ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना गाडीच्या अपघातात तो गेला. त्याच्या जागी त्या ग्रुपने बोलावलं ते त्रिलोक गुर्टूंना. तबला वाजवणाऱ्या अमेरिकन माणसाच्या रिकाम्या जागी ड्रम वाजवणारा भारतीय! गेलेल्या माणसाच्या जागेवर बसणं फार अवघड. दुसरेपणावर दिलेल्या बाईला विचारा, ती सांगेल. त्रिलोक यांनी त्यांच्यासोबत तीन अल्बम केले आणि मग स्वतःच्या वाटेला लागले.

त्या वाटेवर कोण कोण भेटलं याची यादी केली तर भूगोलाचं पुस्तक उघडावं लागेल. आफ्रिकेतल्या बेनिन देशाची गायिका अँजेलिक किजो, माली देशाचे वादक, इटलीचं व्हायोलिन-चेलोवालं चौकडं, आणि रशियातल्या तुवा प्रांतातले घशातून एकाच वेळी दोन सूर काढणारे गायक. २००० च्या सुमारास झाकीर हुसेन वगैरे मंडळींबरोबर 'तबला बीट सायन्स' नावाचा प्रयोग. २०१९ मध्ये 'गॉड इज अ ड्रमर' हा अल्बम. सत्तरी ओलांडली तरी काठ्या हातात आहेतच. सगळंच मला सारखं आवडतं असं नाही. काही अल्बममध्ये फार गर्दी झाल्यासारखी वाटते. पण माणूस एका जागी बसून राहिला नाही, हे खरं.

मुलींनी वाजवलं तर?

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. मॅकलॉफ्लिन यांनी पुढे आपल्या दुसऱ्या ग्रुपसाठी आणखी एक मुंबईकर ड्रमर निवडला, रणजित बारोट. त्यांची आई कोण? कथक नृत्यांगना सितारादेवी! एकाची आई ठुमरीवाली, दुसऱ्याची नृत्यांगना. लय आईकडून येते की काय, असं म्हणायचा मोह होतो.

मग लेकीचं काय? ती का नाही ड्रम वाजवत? अमेरिकेत व्हायोला स्मिथ नावाची बाई होती, १९१२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या एका छोट्या गावात जन्मलेली. बहिणी-बहिणींचा ऑर्केस्ट्रा होता, तिच्या वाट्याला ड्रम आले. १९४२ मध्ये, महायुद्धामुळे पुरुष वादक सैन्यात गेलेले असताना, तिने त्याच 'डाउनबीट' मासिकात लेख लिहिला की आता तरी मुलींना संधी द्या. ती १०७ वर्षं जगली, २०२० मध्ये वारली. त्या लेखानंतर बहात्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, जॅझच्या वाद्यसंगीताच्या अल्बमचं ग्रॅमी पहिल्यांदा एका बाईला मिळालं, आणि ती होती ड्रमर! टेरी लिन कॅरिंग्टन. आपल्या मुंबईच्या अनुराधा पाल अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्याकडे तबला शिकल्या आणि त्यांनी नव्वदच्या दशकात बायकांचाच 'स्त्री शक्ती' हा ग्रुप उभा केला.

आणि इतक्या लांब तरी कशाला? आपल्या वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन अख्खा मुलूख जागा केला. आजही गावोगावच्या महिला भजनी मंडळात ढोलकी आणि खंजिरी बाईच वाजवते. मांडी घालून बसते, डोक्यावरचा पदर खांद्यावर येतो, आणि एकदा ठेका धरला की पेटीवालीला मागे टाकते. तिला कोणी वादक म्हणत नाही. "भजनात जाते" एवढंच म्हणतात.

आता पोटाचा प्रश्न. तो मी टाळणार नाही. वाजवणारी सगळी पोरं त्रिलोक गुर्टू होत नाहीत. त्यांना मुंबई मिळाली, घरात उस्ताद मिळाले, आईचं नाव मिळालं. आमच्याकडची संदल आणि बँजो पार्टीत वाजवणारी पोरं लग्नाच्या सीझनमध्ये चार पैसे कमावतात आणि पावसाळा लागला की दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. डफडं वाजवणाऱ्या माणसाला तर आपण पंगतीत कुठे बसवत होतो हे आठवलं तरी मान खाली जावी. त्यामुळे "पोराला वाजवू द्या, तो जग जिंकेल" असला सल्ला मी देत नाही. बारावीचे मार्क बारावीच्या ठिकाणी. पण डब्यावर बोटं चालतात तेव्हा तो टवाळखोरी करतोय की ठेका धरतोय, एवढं क्षणभर ऐकून बघायला काय हरकत आहे? आणि ती बोटं मुलीची असली तर दोन क्षण जास्त.

शोभाताई २७ सप्टेंबर २००४ ला मुंबईत गेल्या. त्यांचा आवाज मुलाच्या अल्बममध्ये आहे.

ऐकायचं असेल तर क्रम मी सांगते, कारण एकदम ड्रम लावले तर घरातले ओरडतील. मोबाईलवर आधी शोभाताईंची कुठलीही एक ठुमरी लावा, घाई न करता. एक ओळ त्या किती प्रकारे घेतात ते मोजा. मग 'उसफ्रेट' लावा. सुरुवातीला गोंधळ वाटेल. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त आईचा आवाज कुठे येतो ते शोधा, तिसऱ्यांदा त्या आवाजाच्या मागे मुलगा काय करतोय ते. भाजी निवडता निवडता ऐकलं तरी चालतं. फक्त कुकर लावलेला असताना नको, शिट्टी कोणाची आणि झांज कोणाची ते कळत नाही.